वेतनकपात व संमति

मरोळच्या औद्योगिक वसाहतींतील एका लहान कारखान्यांत यंत्रावर काम करणारे एक गृहस्थ कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याकडे एक कागद वाचून घेण्यासाठीं आले. मालास मागणी उरली नसल्यामुळें आठांऐवजीं चार तास काम व निमें वेतन घेण्यास आपण स्वखुशीनें तयार आहों, असा त्याचा आशय होता. खालीं त्यांची सही अगोदरच झालेली होती. “न करून काय करणार होतों?” इतकेंच ते म्हणाले. या सहीस संमति म्हणावें काय, हा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मनांत घोळत आहे.

मालकाची बाजू तुच्छ नाहीं. ज्याच्या मालास गिऱ्हाईक नाहीं त्यानें पुरा पगार कोठून आणावा? कारखाना बुडाला तर निमें वेतनही जाईल. शिवाय निमे तास, निमें दाम हा हिशेब वरवर बिनचूक दिसतो. परंतु तो मालकाच्या घड्याळाचा हिशेब आहे. आमचे हे स्नेही नालासोपाऱ्याहून येत. चार तासांच्या कामासाठींही तीच आगगाडी, अंधेरीस तीच गर्दी, तेथून मरोळपर्यंत तीच बस. प्रवासखर्च निमा झाला नाहीं. घरभाडें व मुलांची फी यांचें तर नांवच नको. जे चार तास त्यांना परत मिळाले, ते घेणारा दुसरा धनी कोठें उभा होता? नोकरी पत्करणारा मनुष्य आपला सारा दिवस बांधून देतो व त्या भरंवशावर संसार मांडतो. तो भरंवसा एकानेंच मोडावयाचा आणि दुसऱ्याच्या निरुपायास खुशी म्हणावयाचें, हें आम्हांस पटत नाहीं.

मुंबईस हा वाद नवा नाहीं. 1925 सालीं येथील गिरणीमालकांनीं मजुरींत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली, आणि सप्टेंबरांत सुमारें दीड लक्ष कामगारांचा संप सुरू झाला. परदेशी मालाची स्पर्धा व कापडावरील साडेतीन टक्क्यांचा सरकारी कर यांनीं धंदा खचला, असें मालकांचें म्हणणें होतें. डिसेंबरांत सरकारनें तो कर तहकूब केला व कपातही मागें घेतली गेली. म्हणजे ओझें हलकें करण्यास दुसरी वाट होती. ती सांपडेपर्यंत चुली विझल्या त्या मात्र चाळींतल्या. महायुद्धानंतरच्या तेजींत भागधारकांस भरघोस नफा वांटतांना या मंडळींस मजुराची एवढी आठवण झाली नव्हती!

पुढें कायद्यानें थोडा आधार दिला. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यांत 1956 सालीं घातलेल्या 9-अ या कलमानें, वेतन वा कामाचे तास बदलूं पाहणाऱ्या मालकानें नोटीस द्यावी व एकवीस दिवस थांबावें, असें ठरविलें. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनेंही हा नियम राखला. नोटिशीनें बोलण्यास अवकाश मिळतो हें खरें, पण घरांत आठवड्याचेंच धान्य असणारा मनुष्य किती ताठ बोलणार? 2020 च्या टाळेबंदींत 29 मार्च रोजीं केंद्र सरकारनें कपात न करतां वेतन देण्याचा हुकूम काढला; तो न पाळणाऱ्या मालकांवर सक्तीची कारवाई करूं नये व उभयतांनीं वाटाघाटींनीं प्रश्न सोडवावा, असें सर्वोच्च न्यायालयानें 12 जून रोजीं सांगितलें. संघटना असेल तेथें वाटाघाट होते. एकट्यादुकट्यापुढें येतो तो तयार कागद.

कपात कधींच न्याय्य नसते, असें आम्ही म्हणत नाहीं. मालकानें हिशेबाच्या वह्या उघड कराव्या, प्रथम आपला वांटा कमी करावा, आणि पुरें वेतन पुनः केव्हां सुरू होईल तें लिहून द्यावें. मग मागितलेल्या त्यागांत कांहीं सभ्यता राहते. या दृष्टीनें आम्हीं तो कागद पुनः एकदां वाचला. कपात सुरू होण्याची तारीख ठळक अक्षरांत होती. ती संपण्याची तारीख कोठेंच नव्हती.