एकमेकांसाठी थांबा

चिंतनासाठी वाचन : करिंथकरांस पहिले पत्र ११:१७-३४



फुटबॉलचा विश्वचषक आला की आपल्या वांद्र्याचे रूप पालटते. रानवारपासून चिंबईपर्यंत गल्ल्यांवर ब्राझीलचे पिवळे आणि अर्जेंटिनाचे निळे-पांढरे झेंडे लटकतात. एरवी एकमेकांशी फारसे न बोलणारे शेजारी एका पडद्यासमोर खुर्च्या टाकून बसतात. कुणाच्या घरून बोंबील फ्राय येतात, कुणाकडून चोरीस-पाव, कुणी तंदुरीची ऑर्डर देतो. आणि अर्थातच बाटल्या येतात.

या खाण्यापिण्यावर कोरडे ओढण्यासाठी मी हे लिहीत नाही. आपल्या प्रभूने काना गावच्या लग्नात पाण्याचे सहा मोठे रांजण द्राक्षारसाने भरले. तो लोकांबरोबर जेवायला बसे, म्हणून विरोधकांनी त्याला खादाड व दारूबाज म्हणून हिणवले (मत्तय ११:१९). खेळाशीही ख्रिस्तसभेचे वैर नाही. २००० सालच्या महाज्युबिलीत पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोमच्या ऑलिंपिक स्टेडियमवर खेळाडूंसाठी मिस्सा अर्पण केली होती. आनंदाने एकत्र जेवणे, हसणे, ओरडणे ही देवाचीच देणगी आहे.

मग प्रश्न कोणता? तो समजण्यासाठी आपण थोडा वेळ संत पौलाच्या करिंथ शहरात जाऊ या.

करिंथ हे दोन बंदरांमधले गजबजलेले व्यापारी शहर होते. शहरापासून काही तासांच्या चालीवर इस्थमिया येथे दर दोन वर्षांनी पोसायडन या समुद्रदेवतेच्या नावाने मोठे खेळ भरत. धावणे, कुस्ती, मुष्टियुद्ध, रथांच्या शर्यती! गावोगावचे लोक लोटत. विजेत्याला बक्षीस काय, तर पाइनच्या डहाळ्यांचा किंवा सुकलेल्या सेलरीच्या पानांचा मुगुट. पौल सन ५० ते ५२ च्या सुमारास दीड वर्ष या शहरात होता. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तो तंबू करण्याचा धंदा करी. एक तरी स्पर्धा त्याने जवळून पाहिली असावी. म्हणूनच त्याच्या पत्रात धावणारा आणि मुष्टियोद्धा येतात, आणि कोमेजणाऱ्या मुगुटाची गोष्ट येते (९:२४-२७).

उत्खननात करिंथच्या मुख्य चौकालगत तीसहून अधिक दुकानांची एक रांग सापडली. त्यांतील बहुतेकांत विहिरी होत्या आणि त्यांत पिण्याचे पेलेही मिळाले. विहिरीच्या गारव्यात पेये थंड ठेवणारी ही खाण्यापिण्याची दुकाने असावीत, असे संशोधक मानतात. शहरात मांसाचा बाजार होता. त्याचाही उल्लेख पौल करतो (१०:२५). थोडक्यात, खेळ, गर्दी, मांस आणि मद्य ही चौकडी आपण शोधून काढलेली नाही. करिंथच्या ख्रिस्ती लोकांच्या दारात ती होतीच.

आता लक्ष द्या. पौल या लोकांना खेळ पाहू नका असे कुठेच सांगत नाही. खाऊपिऊ नका असेही सांगत नाही. तो रागावतो ते दुसऱ्याच गोष्टीवर. प्रभुभोजनासाठी लोक एकत्र जमत. तेव्हा चर्च बांधलेली नव्हती. एखाद्या सुखवस्तू भाविकाच्या घरी सारे जमत. अशा घरांतील भोजनगृहात नऊ-दहा माणसांचीच सोय असे, बाकीच्यांना अंगणात बसावे लागे, असे डॉमिनिकन धर्मगुरू जेरोम मर्फी-ओ’कॉनर यांनी दाखवून दिले आहे. ज्यांना काम नव्हते ते लवकर येऊन जेवून घेत. गोदीवरचे हमाल आणि गुलाम दिवसभराचे कष्ट आटोपून येत, तेव्हा ताटे रिकामी झालेली असत. एक उपाशी, तर दुसरा नशेत! हे प्रभूचे भोजन नव्हेच, असे पौल स्पष्ट बजावतो. आणि उपाय सांगतो तो अगदी साधा : जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा (११:३३).

बंधुभगिनींनो, हे वाक्य मी अनेकदा वेदीवरून वाचले होते. त्याचा अर्थ मला १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री कळला. आगमनकाळाचा तो चौथा रविवार होता. पुढे जे सांगतो ते त्या भावाची परवानगी घेऊनच सांगत आहे.

त्या रात्री अर्जेंटिना आणि फ्रान्स यांचा अंतिम सामना होता. एका गावठाणात क्रुसासमोरच्या मोकळ्या जागेत पडदा लावला होता. याच जागी मे महिन्यात आपण रोझरी म्हणतो. मलाही आमंत्रण होते. मुलांच्या टेबलावर सरबत आणि वेफर्स, मोठ्यांच्या टेबलावर चखणा, बिअर आणि रम. सामना सुरू झाल्यावर आपल्याच धर्मग्रामातला एक भाऊ मुलाला घेऊन आला. मुलगा धावत पुढे गेला. बाप मात्र फाटकाशीच उभा राहिला. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना जाऊन त्याने अकरा महिने दारूला स्पर्श केला नव्हता. हे मला ठाऊक होते.

मी म्हणालो, “अरे, आत ये ना. बाहेर काय उभा राहिलास?”

तो म्हणाला, “फादर, मी इथंच बरा. इथून दिसतं मला.”

मी हसून म्हणालो, “चार वर्षांतून एकदा येतो वर्ल्ड कप! चल, माझ्या शेजारी बस.” आणि हाताला धरून त्याला आत आणले.

अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे होती. मग एम्बापेने दोन मिनिटांत दोन गोल करून बरोबरी साधली आणि सारे अंगण उभे राहिले. त्या गोंधळात कुणीतरी प्रेमानेच त्याच्या हातात ग्लास दिला. सामना ३-३ वर थांबला, पेनल्टीमध्ये अर्जेंटिना ४-२ ने जिंकली, फटाके वाजले. मी घरी जाऊन शांत झोपलो. त्याला त्याच्या दहा वर्षांच्या मुलाने हाताला धरून घरी नेले.

ख्रिस्तजयंतीनंतर तो भेटला. त्याने मला दोष दिला नाही. एवढेच म्हणाला, “फादर, तुम्ही मला टेबलावर बोलावलं. पण त्या टेबलावर मला पिण्यासारखं काहीच नव्हतं. सरबत मुलांच्या टेबलावर होतं. पोरादेखत तिकडं कसा जाऊ?”

मी त्याला दारू दिली नव्हती. पण त्याचे ‘मी इथंच बरा’ हे शब्द ऐकूनही मी थांबलो नाही. आपल्या स्वातंत्र्यामुळे दुर्बळ भावाला ठेच लागू नये, तशी लागणार असेल तर मी मांस कधीच खाणार नाही, असे पौल लिहितो (८:९-१३). माझ्या बाबतीत दुर्बळ तो नव्हता. अकरा महिने झुंजणारा माणूस दुर्बळ कसा? दुर्बळ होती माझी नजर.

त्याच स्पर्धेच्या दोन दिवस आधी, १८ नोव्हेंबर २०२२ रोजी, कतारमध्ये स्टेडियमच्या आवारातील बिअरविक्री बंद करण्याचा निर्णय झाला. तेव्हा पुष्कळ ओरड झाली. तरीही अंतिम सामना किती रंगला, हे आपण पाहिलेच. बाटलीशिवाय खेळाला रंगत नाही, ही आपणच करून घेतलेली समजूत आहे.

२०२६ च्या विश्वचषकात ४८ संघ आणि १०४ सामने. मैदाने अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतली. म्हणजे आपल्याकडे रात्रीची जागरणे. अशा दिवसांत, आणि क्रिकेटच्या स्पर्धांतही, आपण थांबायचे कुणासाठी?

जो पीत नाही त्याच्यासाठी. सरबत, सोडा, थंड पाणी हे मोठ्यांच्या टेबलावर, बाटल्यांच्या आधी मांडा. ‘एक घेतल्याने काय होते’ हे वाक्य आपल्या गावठाणातून हद्दपार करा. कुणी नको म्हटले तर कारण विचारू नका.

स्वयंपाकघरातल्या माउलीसाठी. पुरुष गोल पाहतात आणि बायका बोंबील तळत राहतात. करिंथचे अंगण आपल्याच घरात आहे! मध्यंतरात पुरुषांनी उठावे, ताटे उचलावीत, तिला खुर्ची द्यावी.

शेजारच्या आजाऱ्यासाठी आणि पहाटे कामाला निघणाऱ्यासाठी. रात्री दहानंतर भोंगे बंद ठेवणे हा कायदा आहेच. आपल्यासाठी तो शेजारप्रेमाचाही भाग आहे.

रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी. पिऊन गाडी चालवून स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष आहे, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ (क्र. २२९०) सांगतो. प्यायला असाल तर किल्ली दुसऱ्याच्या हाती द्या.

आणि प्रभूसाठी. शनिवारच्या जागरणाचे बिल रविवारच्या मिस्सेने भरू नये. दर रविवारी ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी आपण एका रांगेत उभे राहतो. तिथे साहेब आणि हमाल, पिणारा आणि सोडलेला, पुढेमागे आपली पाळी येईपर्यंत थांबतात. शनिवारच्या रात्रीही आपल्याला असेच थांबायचे आहे.

त्या भावाने पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला सुरुवात केली आणि त्याचे मोजणे अजून चालू आहे. पुढच्या वेळी गावठाणात पडदा लागेल तेव्हा तो फाटकाशी उभा राहू नये, एवढेच मागणे मी प्रभूकडे आणि तुमच्याकडे मागतो.

हे प्रभू येशू, तू पापी लोकांच्या पंगतीला बसलास आणि कुणालाही फाटकाबाहेर ठेवले नाहीस. आमच्या आनंदात आम्हांला डोळे दे, आमच्या टेबलावर सर्वांसाठी जागा दे. आमेन.

आपला,
धर्मगुरू