तुटलेली तार आणि बाकीच्या पस्तीस



येरमाळ्याच्या रस्त्यांवर आता जाड टायरच्या, गिअरच्या सायकली पुष्कळ दिसतात. मुले त्यांना माउंटन बाईक म्हणतात. बालाघाटच्या डोंगराळ, खडीच्या वाटांवर त्या शोभतातही. पण जरा वाकून पाहावे, तर चाकातली एखादी तार तुटलेली असते. तुटका तुकडा शेजारच्या तारेला गुंडाळलेला असतो. विचारले तर उत्तर ठरलेले : "चालतंय की!"

खरेच चालते. मात्र ते कसे चालते, हे समजून घेण्यासारखे आहे. सायकलच्या चाकातली प्रत्येक तार ताणलेली असते. सगळ्यांच्या सारख्या ओढीमुळे रिम सरळ राहते. ३६ तारांपैकी एक तुटली की तिच्या बाजूची ओढ कमी होते, रिम दुसरीकडे कलते, चाक आऊट होऊन ब्रेकला घासू लागते. तुटलेल्या तारेचा वाटा शेजारच्या तारांवर पडतो, आणि तो चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला पडतो. म्हणून पुढची तार तुटते ती बहुधा शेजारचीच. सुरुवातीला मेकॅनिक एक तार घालून, चाकाचा आऊट काढून देतो. चार-पाच तुटल्यावर मात्र रिमच वाकते.

तेव्हा चाक चालते ते बाकीच्या ३५ तारांच्या जिवावर. आपला भार दुसरे उचलत आहेत, तोवर आपण तसेच मोडके राहावे का, असा प्रश्न इथे उभा राहतो.

संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात दोन गोष्टी जवळजवळ ठेवल्या आहेत. दुसऱ्या वचनात तो एकमेकांची ओझी वाहायला सांगतो. पाचव्या वचनात म्हणतो की ज्याने त्याने आपला भार वाहिला पाहिजे. वरवर पाहता यात विरोध वाटतो. आम्हांला वाटते, पहिली गोष्ट शेजारच्या तारेने ऐकायची आहे आणि दुसरी तुटलेल्या तारेने. आपण नेमके उलट करतो. भार वाहणाऱ्याला कर्तव्य शिकवतो आणि भार टाकणारा दयेवर हक्क सांगतो.

इथे एक सावधगिरी हवी. तार सहसा हबजवळच्या वाकणावर, झिजून झिजून तुटते. त्यात तिचा दोष कोणता? आजारी, वृद्ध, काम न मिळालेला माणूस आपल्यावर भार आहे असे म्हणणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. त्याला वाहणे ही तर आपली दीक्षाच आहे. आणि माणूस काही तार नव्हे, की काढून टाकली आणि नवी घातली. प्रश्न आहे तो ज्याला दुरुस्त होता येते, पण जो होत नाही त्याचा.

आपल्या भागात ऊसतोडीला आईबाप गेले की मागे आजी आणि थोरली मुलगी घर ओढतात. तो गरजेचा भार आहे. पण आईबाप घरी असतानाही, बापाच्या दारूपायी जेव्हा आई दोन मजुऱ्या करते आणि मुलीची शाळा सुटते, तेव्हा "घर चालतंय की" हे कोणाच्या जिवावर? धर्मग्रामातही तसेच. चर्च झाडणारे, मुलांना धर्मशिक्षण देणारे, आजाऱ्यांना भेटणारे तेच तेच चार हात असतात. म्हणून बाकीच्यांना वाटते, सगळे ठीक आहे.

वाहणाऱ्यांनी मुकाट्याने वाहत राहणे हेच पुण्य, असे काही जण मानतात. आम्हांला ते पटत नाही. मुकाट्याने ताण सोसणारी तार एक दिवस मुकाट्याने तुटते. "मला आता झेपत नाही" असे प्रेमाने सांगणे हीही सेवाच आहे, कारण त्यामुळे दुसऱ्याला दुरुस्तीची संधी मिळते.

आणखी एक गोष्ट. मोडक्या चाकावर एकट्याने जाणे हा मूर्खपणा असेल, पण धाकट्या बहिणीला दांडीवर बसवून येरमाळ्याचा घाट उतरणे हा अपराध आहे. आपल्या निष्काळजीपणात बहुधा दुसरे कोणीतरी बसलेले असते.

इटलीत गिसाल्लोच्या चढाच्या माथ्यावर पवित्र मरियेचे एक छोटे चॅपल आहे. पोप बाराव्या पायस यांनी १९४९ साली त्या मातेला सायकलस्वारांची आश्रयदात्री घोषित केले. नामांकित शर्यतपटूंच्या सायकली तिथे ठेवलेल्या आहेत. मातेचा आश्रय जरूर मागावा, पण उतार लागण्यापूर्वी चाकही पाहावे. प्रायश्चित्त संस्कार म्हणजे तरी काय? एक तार तुटली असतानाच थांबणे.

या आठवड्यात घरातल्या सर्वांत जास्त राबणाऱ्या माणसाला इतकेच विचारू या : "माझ्या वाट्याचे तू काय उचलतोस?" उत्तर ऐकून घेऊ या, आणि त्यातले एक काम आजच परत आपल्या हाती घेऊ या.