शेजारच्या झाडाचा आंबा



सज्जनहो, महाभारताच्या शांतिपर्वात शंख आणि लिखित या दोन भावांची कथा आहे. ती आम्ही आजवर किती कीर्तनांत सांगितली असेल याची मोजदाद नाही. ज्यांच्या कानांवर ती आली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. युद्ध संपले, राज्य हाती आले, आणि धर्मराजाला मात्र वनात जाण्याचे वेध लागले. तेव्हा राजधर्म काय असतो हे समजावताना व्यासांनी ही गोष्ट काढली. बाहुदा नदीच्या काठी शंख आणि लिखित यांचे वेगवेगळे आश्रम होते, दोन्ही फळाफुलांनी भरलेले. एके दिवशी लिखित भावाकडे आला. शंख घरी नव्हता. झाडाला फळे पिकलेली. लिखिताने ती तोडली आणि स्वस्थपणे खात बसला. शंख आला, म्हणाला, फळे कोठून आणलीस? लिखित हसून म्हणाला, येथूनच घेतली. शंख संतापला. न विचारता घेतलेस ही चोरी झाली, आता सुद्युम्न राजाकडे जा आणि चोराची शिक्षा मागून घे. राजाने क्षमा करू पाहिली, पण लिखित ऐकेना. अखेर राजाने त्याचे दोन्ही हात तोडले. तसाच तो भावाकडे परतला. शंख म्हणाला, माझा तुझ्यावर राग नाही, तुझा धर्म ढळला होता त्याचे प्रायश्चित्त झाले, आता बाहुदेत स्नान करून तर्पण कर. लिखित तर्पणाला बसला आणि त्याला हात फुटले, कमळासारखे.

या कथेवर आम्ही आजवर एकच निरूपण करीत आलो: न दिलेले घेऊ नये. पुढच्या रांगेत बसलेली पोरे हात तोडण्याचा प्रसंग आला की आपापल्या तळव्यांकडे पाहतात, आणि आम्हाला वाटते, चला, कीर्तन लागले! परंतु या ज्येष्ठ महिन्यात असा प्रसंग घडला की त्या कथेचा निम्मा भाग आमच्या ध्यानातच आला नव्हता असे दिसून आले.

मढ हे गाव जुन्नर तालुक्यात, कल्याणहून नगरला जाणाऱ्या रस्त्यावर, माळशेज घाट चढून आले की. एका अंगाला सह्याद्रीचे कडे, दुसऱ्या अंगाला पिंपळगाव जोग्याच्या धरणाचे पाणी. येथे रोहिणी नक्षत्र सरत आले की रायवळ आंबा पाडाला लागतो, आणि मृगाचा पाऊस एकदा का झोडपून गेला की उरलेल्या फळात अळी धरते. म्हणजे सारा खेळ पंधरा दिवसांचा. आमच्या घराला लागून एका मावशींचे परडे आहे. त्यात असा एक जुना रायवळ आहे की त्याला दोघांची कव पुरत नाही. मावशींची मुले मुंबईला. झाडावर चढणारे कोणी नाही. हापूस-केशराला गिऱ्हाईक असते. रायवळाला कोण विचारतो? रात्री आमच्या पडवीच्या पत्र्यावर धप्‌ धप्‌ आवाज होतो, सकाळी पाहावे तर कुंपणापलीकडे सडा, त्यावर माश्या, आणि दोन दिवसांत आंबूस वास.

सुट्टीला आलेला आमचा आठ वर्षांचा नातू एके सकाळी हात पाठीमागे धरून उभा राहिला. हनुवटीवर रस होता. आम्ही काही विचारण्याच्या आतच म्हणाला, "आबा, आंबा आपल्या बाजूला पडला होता. पण झाड त्यांचं आहे ना? मग माझे हात...?" वैशाखातल्या सप्ताहात त्याने आमचीच कथा ऐकली होती. आम्ही हसलो आणि म्हणालो, अरे, मागून घेतला असतास तर झाले असते. त्यावर त्याने विचारले, "मग तुम्ही का नाही मागत?"

सज्जनहो, याचे उत्तर आमच्यापाशी होते, आणि चांगले शास्त्राधारे होते. पाठशाळेत असल्यापासून पाठ आहे: मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात न मागता मिळालेल्याला अमृत म्हटले आहे आणि मागून आणलेल्या भिक्षेला मृत. शिवाय वारकरी कीर्तनकाराने कथेचे मोल घेऊ नये हा आपला संप्रदाय. आम्ही तो पाळला, देवाने पाळून घेतला. परंतु पुढे पुढे काय झाले, कीर्तनाचे मोल घ्यायचे नाही याचे रूपांतर कोणाचे काहीच घ्यायचे नाही, कोणाला काहीच म्हणायचे नाही, यात झाले. व्रताच्या कुडीत अहंकार केव्हा येऊन बसला ते कळले नाही. मनूचे ते वचन उपजीविकेविषयी आहे. पोट कशावर भरावे याचा तेथे विचार चालला आहे. शेजारणीला चार आंबे मागितल्याने कोणाची वृत्ती बुडत नाही. पोराला हे सांगण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. त्याचा हात धरला आणि मावशींच्या अंगणात गेलो.

म्हणालो, "मावशी, या पोराने तुमचा एक आंबा खाल्ला आहे. त्याची माफी असावी. आणि झाडाचे पुष्कळ वाया जाताहेत, तर थोडे आम्हाला द्याल का?"

मावशी तांदूळ निवडीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हाराज, चार वर्सांमागं म्या सोताच पाटी भरून आणली व्हती. तुम्ही म्हनला, आम्ही कुनाचं काही घेत न्हाई. तवाच समजले, आपल्या घरचं म्हाराजास्नी चालत न्हाई. पाटी नेली न् बैलाम्होरं वतली. त्यास्नी चाललं."

आम्हाला ती पाटी आठवतही नव्हती. नाही म्हटले असेल, अनेकांना म्हणतो. परंतु हे घर आपल्याला हलके लेखते असे एक म्हातारी चार वर्षे उराशी धरून, आमच्या भिंतीला भिंत लावून, राहत होती. आम्ही मात्र रोज हरिपाठात भूतमात्री देव पाहत होतो. आम्ही त्यांच्यापुढे हात जोडले. दुसरे काय करणार? म्हणालो, "चुकलो. आता मागायला आलो आहे." त्यावर त्या उठल्या आणि आत पाटी आणायला गेल्या.

त्या रात्री शंख-लिखिताची कथा पुन्हा उघडली. लिखित हसला, त्या हसण्यापाशी आम्ही पूर्वी कधी थांबलो नव्हतो. भावाचे ते आपलेच, विचारायचे काय, असे ते हसणे आहे. फळांना तोटा नव्हता. शंख घरी असता तर त्याने नाही थोडेच म्हटले असते! लिखिताने फळे नेली ती नेलीच, पण शंखाला 'घे' म्हणायचे होते, तो शब्दही त्याने नेला. आम्ही काय वेगळे केले? लिखिताने न विचारता घेतले आणि आम्ही देऊ केलेले परतवले. दोन्हीकडे देणाऱ्याचा हात रिकामाच राहिला. आमचे हात शाबूत आहेत, ही त्या बाहुदेचीच कृपा म्हणायची.

आता दुसरी बाजू. भागवताच्या सातव्या स्कंधात नारद युधिष्ठिराला गृहस्थाचा धर्म सांगतात. पोट भरेल तेवढ्यावरच देहधाऱ्याचे स्वामित्व, त्याहून अधिक आपले म्हणणारा चोर, असे ते स्पष्ट म्हणतात. हे फार कडक आहे. मावशींसारख्या एकट्या बाईने शंभर फळे उतरवायची कोणी, वाटायची कोणी? झाड तिला विचारून फळत नाही. तिच्या परड्यात कुजणाऱ्या आंब्यांचा दोष तिच्या माथी लागू द्यायचा नसेल तर शेजाऱ्याने पाटी घेऊन दारात जाणे, एवढाच उपाय दिसतो. आणि मागण्याची लाज वाटत असेल तर देवाकडे पाहावे. सुदामा काखेत पोह्यांचे गाठोडे लपवून बसला, तेव्हा घरून काय आणलेस म्हणून प्रथम विचारले ते द्वारकेच्या राजाने, आणि तो देईना तेव्हा ओढूनही घेतले. सावता महाराजांचे तर काय सांगावे! (त्यांचे अरण सोलापुराकडील माढा तालुक्यात, आमचे मढ निराळे, पत्रे पुष्कळदा चुकतात.) ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, तर देवच मळ्यात आला आणि लपायला जागा मागू लागला, अशी संतचरित्रातील कथा आहे.

मागावे कसे, हेही त्या पंधरवड्यात थोडे शिकलो. आंबा कुजू लागल्यावर जाऊ नये, पाडाला लागताच जावे. पाऊस थांबत नाही. उतरवायची मेहनत आपली असावी. गावातील दोन तरुण पोरांनी झेला घेऊन झाड उतरवले, फांदी मोडू दिली नाही, शेंड्याची फळे पाखरांना ठेवली. उतरलेल्या आंब्यांतून आधी मावशींनी निवडावे, मग आम्ही. आम्ही आठवड्याचे मागितले होते, त्यांनी आढी घालण्याइतके दिले; उरलेले शाळेच्या पोरांत आणि वाडीवरच्या घरांत गेले. आणि कोणी नाही म्हटलेच तर ते हसतमुखाने घ्यावे. त्याच्या घरी पाहुणे यायचे असतील, लोणचे घालायचे असेल, आपल्याला काय ठाऊक?

राहिली पाटी. आपल्याकडे शेजारच्या घरचे भांडे रिकामे परत करीत नाहीत. सूनबाईने गूळ-शेंगदाणे काढले. आम्ही म्हटले, थांब, या खेपेस विचारूनच घालू. नातवाला पाठवले. तो धावत परत आला. मावशींनी निरोप दिला होता की गूळ नको. गुडघ्यांमुळे त्यांना आता वारीला चालवत नाही. मालकांच्या गळ्यातली तुळशीची माळ गेल्या साली तुटली. महाराज पंढरीला निघाले आहेत, तर येताना पाटीत एक माळ आणि चिमूटभर बुक्का घालून आणावा.

पाटी आमच्या पडवीत खुंटीला टांगलेली आहे. अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघेल, आणि आम्ही दिंडीबरोबर चालू लागू.