माथा ते पायथा

बसा. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल. हात मांडीवर मोकळे ठेवा, तळवे आभाळाकडे. थोड्या वेळानं या तळव्यांना काम आहे. तोवर त्यांना गप्प राहू द्या.

डोळे मिटा आणि मनानं पारनेर तालुक्यात चला. पुणे-नगर रस्ता सोडून आत वळलं की राळेगणसिद्धी. पौषातली सकाळ धरा. ऊन कौलांपर्यंत आलंय, अंगणात अजून उतरलेलं नाही. घर कुणाचंही असू दे, तुम्हाला आवडेल ते. त्या घराच्या न्हाणीत एक आजी पाय लांब करून बसली आहे आणि तिच्या पायांवर आठ-नऊ महिन्यांचं पोर पालथं पडलंय. पाठीवर तेल चोळून झालं, डाळीचं पीठ लावून झालं. चुलीवरच्या पातेल्यातलं ऊनऊन पाणी विसणून घंगाळात आलंय. आजी कोपर बुडवून बघते. एक तांब्या, दुसरा तांब्या. पोर आधी भोकाड पसरतं, मग गप्प होतं, मग पाण्यालाच हाताने चापट्या मारतं.

शेवटचा तांब्या ओतून झाला.

आता इथंच थांबा. तांब्या खाली ठेवलाय आणि कापड अजून अंगाला लागलेलं नाही. एवढीच वेळ. रोज येते, कुणी बघत नाही. आज आपण तिच्यात बसून राहू.

बाळाच्या पाठीकडे बघा. पाणी स्थिर नाही. मानेपासून निघालं, पाठीच्या पन्हळीतून खाली आलं, कमरेच्या वळीत जरा अडलं, तिथून मांडीकडे वळलं. वर चढावर नुसता ओलसरपणा उरतो, खाली खळग्यांत पाणी साचतं. आणि दंडावर बारीक काटा उभा राहायला लागलाय.

तो काटा का येतो? दारातल्या माठाला विचारा. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी हवेत उडून जातं, आणि जाताना माठाची उष्णता सोबत नेतं. उन्हाळ्यात आपण त्याचं कौतुक करतो. पौषातल्या सकाळी हेच बाळाच्या अंगावर चालू असतं. हिशेब घालून बघितला तर एक ग्रॅम पाणी अंगावरून उडताना साधारण ५८० कॅलरी उष्णता घेतं. चमचाभर पाणी सुकायला लागते तेवढ्या उष्णतेत जवळजवळ तीन लिटर पाणी एका अंशानं तापेल. सगळी उष्णता बाळाकडूनच जाते असं नाही, काही हवाही देते. पण बाळ केवढं, आणि त्याच्या वजनाच्या मानानं त्याची कातडी केवढी! आपल्याला नुसतं शिरशिरल्यासारखं होतं, त्याला खरंच गारठतं.

श्वास घ्या. सावकाश सोडा. घाई करायची नाही, पण वेळही काढायचा नाही. आजीच्या हाताला हे बरोबर ठाऊक असतं.

आता तळवे उचला आणि त्यांवर कापड आलंय असं समजा. बाळाच्या पाठीवर ते अलगद ठेवा. ठेवा आणि दाबून धरा. एक, दोन, तीन. उचला. पुढच्या जागी ठेवा.

आपल्याकडे या क्रियेला नेमका शब्द आहे: टिपणं. पुसणं वेगळं, घासणं वेगळं. पाखरू दाणा टिपतं, टिपकागद शाई टिपतो, आजीचा पदर डोळ्यांतलं पाणी टिपतो. यांतलं कुणी काही ओढत नाही की रगडत नाही. ज्याला उचलायचं त्याच्यापाशी जायचं, टेकायचं, निघायचं. घासल्यानं पाणी नुसतं जागा बदलतं आणि कोवळी कातडी लाल होते. शब्दाकडे नीट लक्ष दिलं असतं तर मला हे माझ्या लेकरांच्या वेळीच कळलं असतं. तेव्हा मी त्यांना पितळी भांड्यासारखं लखलखीत पुसत होते.

पण आज तुम्हाला राळेगणलाच का आणलं, तेही सांगायला हवं.

हे गाव पर्जन्यछायेतलं. पाऊस मुळात कमी, आणि जो पडायचा तो उघड्याबोडक्या टेकड्यांवरून माती घेऊन निघून जायचा. अण्णा हजारे १९७५ साली लष्करातून गावी परतले तेव्हा गावात दारूच्या भट्ट्या होत्या आणि विहिरी कोरड्या होत्या. अण्णांच्या दिल्लीतल्या उपोषणांवर माझ्या घरात अजून वाद होतात, ते आज बाजूला ठेवू. टेकडीवरच्या कामावर वाद नाही. गावातल्या पाझर तलावाला गळती होती, ती लोकांनी श्रमदान करून काढली. चर खणले, नाल्यांवर बांध घातले, झाडं लावली. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. पुरंदरच्या विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीचं काम शेजारच्याच जिल्ह्यात उभं होतं, ते नजरेसमोर होतंच. पाणलोटाचं काम करणारी माणसं एक नियम सांगतात: माथा ते पायथा. आधी टेकडीच्या डोक्यावर काम करायचं, मग उताराला, शेवटी खालच्या नाल्यात. खालून सुरुवात केली तर वरचं पाणी येऊन खालचं काम वाहून नेतं. पळणाऱ्या पाण्याला चालायला लावायचं, चालणाऱ्याला थांबवायचं, थांबलेल्याला जिरवायचं.

आता पुन्हा न्हाणीत या.

बाळ पायांवर उताणं झालंय. कापड कुठून सुरू करणार? माथ्यावरून. तान्ह्या बाळाच्या एकूण कातडीचा जवळपास पाचवा हिस्सा डोक्यावर असतो. मोठ्या माणसात डोकं-मान मिळून त्याच्या निम्मा. आधी पोट आणि पाय कोरडे केले आणि जावळ तसंच ओलं राहिलं, तर तिकडून ओघळ येतच राहणार आणि ऊबही तिकडूनच जाणार. म्हणून आधी डोकं. तळवा टाळूवर नुसता ठेवा. तिथं दाबायचं नाही. खाली काहीतरी धडधडतंय, ते जाणवू द्या.

या धडधडीपाशी थोडं थांबा.

मग कानांच्या पाळ्यांमागे. मग मान. मानेच्या वळ्या म्हणजे छोटे नालेच. हनुवटी बोटभर उचलायची, आतलं पाणी टिपायचं. तिथं दूधही साचतं, ओलही साचते, आणि चार दिवसांनी लाली दिसली की आपण पावडरीचा डबा शोधतो. पावडर नकोच. ती उडते, बाळाच्या श्वासात जाते, आणि ओल्या वळीत तिचा चिखल होतो. वळी कोरडी असेल तर पावडरीचं काम उरत नाही.

आता हातातल्या कापडाकडे बघू या. इथं मन जरा बाजारात जाईल, जाऊ द्या.

पूर्वी हे कापड विकत आणायचा प्रश्नच नव्हता. आजीचं सुती लुगडं विरलं की त्याची दुपटी व्हायची, बाळोती व्हायची, अंग पुसायची फडकी व्हायची. एका नऊवारीतून किती निघत, मोजून बघा. आपण त्याला काटकसर म्हणतो, पण त्या कापडात एक गुण होता जो दुकानातल्या कोऱ्या टॉवेलात नसतो. शेकडो धुण्यांत त्यातली खळ पार निघून गेलेली असायची, धागा मऊ आणि तहानलेला झालेला असायचा. अट एकच, लुगडं सुती हवं. नायलॉनच्या साडीचं फडकं पाणी नुसतं इकडून तिकडे फिरवतं.

धाकट्या नातीच्या बारशाला कुणीतरी गुबगुबीत टॉवेल दिला, ससा काढलेला. हात लावला तर लोणी. आम्ही तो तसाच कोरा वापरला आणि पाच मिनिटांनी पोर ओलीच. पाणी टॉवेलवर मोत्यांसारखं उभं राहत होतं. कोऱ्या टॉवेलावर गिरणीतून आलेलं मऊ लेपण असतं. दोन-तीनदा साध्या पाण्यात धुतल्यावर तोच टॉवेल कामाला आला. चूक त्या टॉवेलाची नव्हती, घाई आमची होती.

म्हणून एक करून बघा. मनात करा, उद्या खरोखर करा. टॉवेल पसरा. बोटाच्या टोकावर पाण्याचा एक थेंब घ्या आणि सोडा. थेंब डोळ्यांदेखत आत गेला तर कापड चांगलं. उभा राहून तुमच्याकडे बघत बसला तर अजून धुवायला हवं. कपडे मऊ करायची जी सुगंधी द्रव्यं मिळतात, त्यांनीही धाग्यावर असाच थर बसतो. मुलांच्या टॉवेलांना ती लावू नका.

आणि थेंब जातो कुठं? सोलापूरचा टॉवेल जवळून बघा. तिथल्या चादरीला जसं भौगोलिक मानांकन आहे, तसं टेरी टॉवेललाही आहे. मागावर ताण्याचे दोन थर असतात, एक ताणून धरलेला, दुसरा सैल. सैल थराचे बारीक फासे दोन्ही अंगांनी वर येतात. प्रत्येक फासा म्हणजे एक चर. हजारो चर शेजारी शेजारी. त्यांत पाणी अडतं आणि मग सुताच्या पोटात जिरतं. राळेगणच्या टेकडीवर कुदळीनं केलं तेच सोलापूरच्या मागावर धाग्यानं केलेलं आहे. टॉवेल वाळत घालताना दोनदा झटकायचा तो हे चर उभे राहावेत म्हणून.

जाड घ्यावा की पातळ? लेबलवर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन. सहाशेचा टॉवेल हातात भारी वाटतो, पण श्रावणात दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास मारतो. मुलांसाठी तीनशे-चारशेच्या घरातला बरा. रोज धुता येतो, रोज वाळतो. एक भारी घेण्यापेक्षा चार मध्यम घ्या, आणि दर मुलाचा वेगळा ठेवा. खरूज आणि आलेले डोळे एका टॉवेलातून घरभर फिरतात.

बाथरोबचं विचारत असाल तर माझं मत सरळ आहे. तान्ह्याला नको. ओल्या बाळाचे हात बाहीत घालता घालता ते पुरतं गारठतं. टोपी शिवलेला चौकोनी टॉवेल मात्र झकास, कारण तो म्हणजे आपलं टोपरं आणि दुपटं एकत्र केलेलंच आहे. तीन-चार वर्षांचं पोर न्हाणीतून निसटून अंगणात पळतं, त्याला रोब चालेल. फक्त कमरेचा लांब पट्टा काढून टाका, तो गळ्याभोवती अडकू शकतो. बटण लावा.

बाजार झाला. परत या. बाळ वाट बघतंय.

तुमच्या हातातलं कापड आता ओलं झालंय. ते अंगावर तसंच ठेवायचं नाही. जे पाणी अंगावरून काढलं तेच कापडातून पुन्हा गारवा देतं. प्रसूतिगृहात नवजात बाळाला कोरडं करतात तेव्हाही असंच असतं: पहिल्या कापडानं टिपायचं, ते बाजूला टाकायचं, दुसऱ्या कोरड्या कापडात गुंडाळायचं. आणि पहिली आंघोळ जन्मानंतर निदान २४ तास तरी घालू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

या साध्या कापडाची किंमत गडचिरोलीत कळली होती. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत तिथल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. श्वास, जंतुसंसर्ग, दूध आणि ऊब. बाळासाठी उबदार पिशवीसुद्धा होती. नवजात मृत्यूचं प्रमाण हजारी ६२ होतं ते २५च्या आसपास आलं, आणि १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्यात औषधांचाही मोठा वाटा होता. पण कोरडं ठेवणं आणि उबेत ठेवणं हे त्या कामात औषधाच्या बरोबरीनं बसलेलं होतं. आज आशाताई पहिल्या ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी येते, ती त्याच वाटेनं.

दुसरं कापड घ्या. कोरडं, चुलीच्या उबेला ठेवलेलं. बाळाला त्यात घ्या आणि छातीशी धरा. त्याचं वजन तुमच्या हातांवर येऊ द्या. दंडावरचा काटा बसतोय. श्वास आधी भराभर, मग संथ. तुमचाही संथ होतोय, बघा. बाहेर ऊन आता अंगणात उतरलंय. ओवा आणि वावडिंगाच्या धुरीचा वास शेजारून येतोय. तुमच्या घरी धुरी देत असाल तर बाळ त्या धुरात नको.

इथं हवं तेवढं बसा.

मग डोळे उघडा आणि एकदा खाली बघा. काखा झाल्या, जांघा झाल्या, गुडघ्यांमागच्या खाचा झाल्या. माथ्यावरून निघालेलं पाणी शेवटी पायथ्याशीच जातं, आणि तिथवर पोहोचेपर्यंत आपण दमलेलो असतो किंवा पोर लाथा झाडत असतं. पायाच्या बोटांच्या बेचक्या राहिल्या असतील. तेवढ्या टिपून घ्या.