मतभेदाचा मान



आपले मत कुणी खोडले की तो आपल्याला अपमान का वाटतो? या प्रश्नाचे उत्तर शोधताना बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ उघडून पाहा.

त्याची प्रस्तावना प्रा. एडविन कॅनन यांची आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये १८९५ ते १९२६ अशी तीन दशके शिकवणारे, अ‍ॅडम स्मिथच्या 'वेल्थ ऑफ नेशन्स'ची १९०४ ची नामांकित आवृत्ती संपादित करणारे हे अर्थतज्ज्ञ बाबासाहेबांचे शिक्षक. १८९३ मध्ये सरकारने टाकसाळी जनतेसाठी बंद केल्या. त्या सरकारसाठीही बंद कराव्यात, म्हणजे रुपये मनमानीने पाडले जाणार नाहीत, असे बाबासाहेबांचे म्हणणे होते. कॅनन यांनी प्रस्तावनेत स्पष्ट लिहिले की चलनपद्धतीवरची ही टीका आणि तिच्यामागचे बहुतेक युक्तिवाद आपल्याला पटत नाहीत. पण विचारांतला ताजेपणा त्यांना भावला, आणि शेवटचा व्यावहारिक निष्कर्ष बहुधा बरोबर आहे, हेही त्यांनी लिहिले.

आणि बाबासाहेबांनी ही प्रस्तावना आपल्याच ग्रंथाच्या आरंभी छापली!

आता विचार करा. जातिव्यवस्थेने आपल्या पूर्वजांना 'तुमचे चुकते' असे म्हटले नाही. 'तुमचे ऐकण्याचे कारणच नाही' असे म्हटले. मतभेद व्यक्त करायला समोरच्याचे आधी नीट वाचावे लागते, त्याला बुद्धी आहे हे मानावे लागते. म्हणून कॅनन यांची असहमती हा अपमान नव्हता, तो बरोबरीचा व्यवहार होता. कॅनन उद्धारकर्ते नव्हेत. ग्रंथ बाबासाहेबांच्या स्वतःच्या कष्टाचा. शिक्षकाने एवढा प्रामाणिकपणा पाळला, हीच मोठी गोष्ट.

इथे फ्लॅट बुशमध्ये फो गुआंग शानचे भव्य विहार आहे. ते पाहून आपली मुले विचारतात, "यांची पूजा वेगळी, आपली वेगळी, मग आपलेच बरोबर कशावरून?" अशा वेळी 'बाबासाहेबांनी सांगितले आहे, गप्प बस' हे उत्तर सोपे असते. पण केवळ गुरू सांगतो म्हणून मानू नका, असे खुद्द तथागतांनी कालामांना सांगितले होते. ज्यांनी विरोधी मत स्वतःच्या ग्रंथात पुढे बसवले, त्यांच्या नावाने प्रश्न बंद करणे हा त्यांचा आदर कसा होईल?

पुढच्या वंदनेनंतर मुलांना एक प्रश्न विचारू द्या. उत्तर पटले नाही, तर तसे म्हणू द्या.

भवतु सब्ब मंगलं!