पोळ्या करणारीची खुर्ची

नव्या फ्लॅटच्या नकाशात हॉलच्या आतल्या टोकाला एक आयत काढलेला असतो. त्याच्याभोवती चार किंवा सहा छोट्या खुर्च्या आणि शेजारी 'डायनिंग' हा शब्द. टेबलाची जागा तिथेच ठरून जाते. राहायला येणारे फक्त लाकूड आणि रंग निवडतात. प्रत्यक्षात ती जागा म्हणजे पुष्कळदा घराचा चव्हाटा असतो. एकीकडे स्वयंपाकघराचं दार, दुसरीकडे बेडरूमकडे जाणारा बोळ, कोपऱ्यात वॉशबेसिन आणि त्याला लागून कॉमन टॉयलेटचं दार. नकाशातल्या खुर्च्या टेबलाखाली नीट सरकवलेल्या असतात आणि त्यांवर कोणी बसलेलं नसतं. जेवताना त्या बाहेर ओढाव्या लागतात, आणि तेव्हा बेसिनकडे जाणाऱ्याला कोणाला तरी उठवूनच जावं लागतं.

हॉल, जेवण्याची जागा आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंती काढून टाकलेल्या घरांत टेबल केवढं घ्यावं आणि कुठे ठेवावं, हा सजावटीचा प्रश्न समजला जातो. माझ्या मते तो आधी वेगळाच प्रश्न आहे: ज्या व्यक्तीने स्वयंपाक केला, ती इतरांबरोबर बसून जेवणार की नाही?

आपल्याकडे कोण कोणाबरोबर बसून खातो यावर माणसाची परीक्षा झालेली आहे. पुण्यात 1890 मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून पुढे ग्रामण्य (जातिबहिष्काराचा वाद) झालं, आणि लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्त घेण्याची वेळ आली. पुढे सहभोजनाच्या चळवळी झाल्या. घराबाहेरच्या पंगतीवरून आपण एवढे भांडलो, पण घरातल्या पंगतीतली शेवटची जागा फारशी हलली नाही. आधी पुरुष आणि मुलं, मग सासू, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या भाजीबरोबर सून. पाट गेले, टेबल आलं. टेबलाला चार खुर्च्या आल्या, घरात माणसंही चारच होती, आणि तरीही जेवायला तिघंच बसत राहिली. चौथी गॅससमोर उभी राहून तव्यावरची पोळी थेट ताटात वाढत होती. तव्यावरून ताटात आलेल्या पोळीचं कौतुक आपण पिढ्यानपिढ्या केलं आहे. त्या पोळीची किंमत कोणी उभं राहून चुकवली, हे मात्र क्वचितच बोललं गेलं.

म्हणून खुल्या घराची कल्पना मला महत्त्वाची वाटते, आणि ती आपल्याकडे अर्धवट आल्याचं वाईटही वाटतं. ही कल्पना जिथून आली तिथे स्वयंपाकघर सुरुवातीला खुलं नव्हतंच. मीस व्हान डेर रोह या वास्तुकाराने ब्रनो शहरात टुगेनहाट कुटुंबासाठी 1930 मध्ये बांधून पूर्ण केलेलं घर आज जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याच्या प्रशस्त बैठकीत खोल्या पाडणाऱ्या भिंती नाहीत. पण जेवणाच्या गोल टेबलाभोवती त्याने मकासर एबनी लाकडाची एक अर्धवर्तुळाकार भिंत उभी केली. एवढ्या मोकळ्या जागेतही जेवणाच्या पाठीला आडोसा लागतो, हे त्याने ओळखलं होतं. मात्र त्या घरात नोकरचाकर होते आणि स्वयंपाक बैठकीपासून अलग होत होता. मालकीणबाईंनी ओट्याशी उभं राहायचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न अमेरिकेत फ्रँक लॉइड राइटसमोर आला. मंदीच्या काळात मध्यमवर्गाला परवडतील अशी घरं तो आखू लागला, तेव्हा नोकर गृहीत धरून चालणार नव्हतं. मॅडिसन गावी 1937 मध्ये उभ्या राहिलेल्या जेकब्ज कुटुंबाच्या घरात त्याने स्वयंपाकाची जागा घराच्या मध्याशी आणली आणि जेवणाचं टेबल तिच्या अगदी कुशीत ठेवलं. स्वयंपाक करणारी व्यक्ती घरच्यांपासून तुटू नये, वाढायला चार पावलांहून जास्त चालावं लागू नये, हा त्यामागचा विचार होता. स्वयंपाकघराची भिंत निघाली ती या कारणासाठी. आपल्याकडे भिंत निघाली, कारण मात्र मागेच राहिलं. ओटा दिसतो, फोडणीचा खकाणा सोफ्यापर्यंत येतो, आणि टेबल टीव्ही दिसेल अशा बेताने ओट्यापासून दहा-बारा फुटांवर जातं.

आता मापांकडे येऊ, कारण चांगला विचारसुद्धा शेवटी फूट-इंचांतच उतरवावा लागतो. बाजारातलं चौघांचं टेबल पुष्कळदा अडीच फूट रुंद असतं. आपलं ताट साधारण 12 इंचांचं. समोरासमोर दोन ताटं ठेवली की 24 इंच गेले. मध्ये राहिले सहा. त्या सहा इंचांत आमटीचं पातेलं मावत नाही, भाताचं भांडं मावत नाही, पोळ्यांचा डबा तर नाहीच. चटणी-लोणच्याच्या बाटल्या आणि पाण्याचे पेले तेवढे कसेबसे बसतात. मग भांडी ओट्यावर राहतात, आणि जेवण सुरू झाल्यावर 'भात आणतेस का', 'थोडी आमटी' असं म्हटलं की उठायला एकच व्यक्ती असते. परदेशी पद्धतीत ज्याचं त्याचं ताट वाढून समोर येतं, तिथे अडीच फूट पुरतात. पुन:पुन्हा वाढून घेत जेवणाऱ्या आपल्या घराला तीन फूट लागतात. त्या जास्तीच्या सहा इंचांवर एका माणसाचं बसणं अवलंबून आहे, म्हणून रुंदीत काटकसर करू नये. लांबीत खुशाल करावी. माणशी दोन फूट धरले तरी चौघांना चार फुटांचं टेबल पुरतं.

जागा चौरस असेल तर मी चार फूट व्यासाचं गोल टेबल सुचवेन. ताटं कडेला राहतात, मध्ये सगळी भांडी बसतात, प्रत्येकाचा हात पोचतो आणि कोणी कोणाला वाढायचं हे आपोआप सुटतं. गोल टेबलाला मधोमध एकच भक्कम पाय असेल तर पाचवा माणूसही अडचणीशिवाय सामावतो.

हॉल अरुंद असेल तर हिशेब बदलतो. दहा फूट रुंदीच्या हॉलमध्ये तीन फूट रुंदीचं टेबल बरोबर मध्ये ठेवलं, तर दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन फूट उरतात. बसलेला माणूस खुर्चीसकट दीड फूट व्यापतो, उठताना खुर्ची मागे सरकून अडीच फूट. त्याच्यामागे उरला एक फूट. गरम कुकर घेऊन येणाऱ्याला हे धोक्याचं आहे. टेबलाची लांब बाजू भिंतीजवळ घेऊन तिकडे दीड फुटांचं बाक ठेवलं, तर दुसऱ्या बाजूला साडेपाच फूट मोकळे मिळतात. खुर्ची मागे सरकूनही तीन फुटांची वाट शिल्लक राहते. बाक मुलांसाठी उत्तम. गुडघे दुखणाऱ्यांना मात्र तिथे बसवू नये. त्यांना हातांची खुर्ची हवी, रेटा देऊन उठता येईल अशी, आणि तीही मोकळ्या बाजूला. पाटावर मांडी घालून जेवण्याच्या आठवणी कितीही गोड असल्या, तरी ज्यांना जमिनीवरून उठता येत नाही त्यांना टेबलाने पुन्हा घरच्यांच्या पंगतीत आणलं, हे विसरून चालणार नाही.

उंचीचंही तसंच. तयार टेबलं बहुधा 30 इंचांची असतात. हाताने कालवून जेवणाऱ्या आणि उंचीने बेताच्या माणसाला ती उंच पडतात. सुताराकडून करून घेणार असाल तर 28 इंच सांगा आणि खुर्चीची बैठक 17 ते 18 इंचांवर ठेवा. वरच्या पृष्ठभागासाठी पांढरा संगमरवर नको. लिंबू, ताक, कोकम यांतल्या आम्लाने तो खरवडल्यासारखा निस्तेज होतो आणि हळदीचा डाग त्याच्यात मुरतो. ग्रॅनाइट या सगळ्याला पुरून उरतो. शिसवी किंवा सागवान असेल तर चांगलं पॉलिश आणि ओलं फडकं लगेच कोरड्याने पुसण्याची सवय, एवढं बस. काचेखाली दिसणारे स्वतःचे पाय आणि काचेवर उठणारे प्रत्येक बोटाचे ठसे मला जेवताना सोसत नाहीत, पण ही माझी आवड झाली.

'पाहुणे आले तर?' हा प्रश्न दुकानात हमखास येतो आणि तिघांच्या घरात सहाजणांचं टेबल शिरतं. वर्षातले मोजके दिवस सोडले तर त्याच्या रिकाम्या अर्ध्या भागावर वर्तमानपत्रं, औषधांची पाकिटं, लॅपटॉपचा चार्जर आणि इस्त्रीचे कपडे साचतात. हळूहळू जेवण सोफ्यावर जातं, ताट मांडीवर येतं आणि नजर टीव्हीवर. पाहुण्यांसाठी उघडझाप होणारी फळी असलेलं टेबल घ्यावं, किंवा त्या दिवशी सरळ सतरंजी अंथरावी. मुंबईत बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत अख्ख्या कुटुंबाची पंगत बसत आली आहे. आता पुनर्विकासात त्या रहिवाशांना 500 चौरस फुटांची घरं मिळत आहेत, आणि जेवणाची कायमची जागा ठरवण्याची संधी त्यांतल्या अनेक घरांना पहिल्यांदाच येते आहे. ती सहाजणांच्या टेबलाने अडवू नये, असं मला कळकळीने वाटतं.

टेबल ओट्याजवळ आणलं म्हणून सगळं सुटतं असं नाही. गरम पोळीचा हट्टही थोडा सोडावा लागतो. पोळ्या आधी करून, फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून टेबलावर आणता येतात. त्या मऊ राहतात आणि करणारीला बसता येतं. ज्याला तव्यावरचीच हवी, त्याने उठून स्वतः करून घ्यावी. ओटा आता दोन पावलांवरच आहे.

तेव्हा टेबल घ्यायला दिल्लीच्या कीर्तीनगरला किंवा पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटला निघण्यापूर्वी एका संध्याकाळी हे करून बघा. हॉलमध्ये ओट्याच्या शक्य तितक्या जवळ, टॉयलेटच्या दारापासून दूर, टेबलाच्या मापाची वर्तमानपत्रं जमिनीवर पसरा. घरातल्या खुर्च्या त्यांच्याभोवती मांडा आणि सगळ्यांना बसवा. मग घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला विचारा की तिला कुठे बसायला आवडेल. ती दाखवेल ती खुर्ची आधी पक्की करा, आणि बाकीचं टेबल तिच्याभोवती ठरवा.