थांबणं

कोल्हापुरात तालमीत मर्दानी खेळाचा सराव चाललेला असतो. वस्ताद आधी पवित्रा शिकवतात. पावलं बसली, की मग लाठी. दांडपट्टा फार पुढे. कडेला एक आई उभी असते. लेकीच्या हातून लाठी सुटते, घोट्यावर आदळते. आईचं पाऊल उचलतं, आणि थांबतं. थांबणं सोपं नसतं. लेक घोटा चोळते, लाठी उचलते, पुन्हा पवित्रा घेते.

आपण मुलांसाठी धावतो, ते प्रेमच. थांबणं हेही प्रेमच. खरं सांगू? पुष्कळदा आपण धावतो, ते आपल्याच जिवाची घालमेल शमावी म्हणून. मुलांना आपण तिथे आहोत एवढं दिसलं, तरी पुरतं.

आज बुटाची नाडी बांधताना मूल अडेल. रिक्षावाले काका हॉर्न वाजवत असतील. तेव्हा, मंडळी, जरा थांबून बघा.